कोरे चौकोनही भरा: पाळीच्या आगेमागे अर्धशिशी उठणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

पाळीच्या दिवसांत डोकं उठतं म्हणून नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या आहार सल्ला केंद्रात येणाऱ्या ताईंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय काय बंद करू?" दही, केळं, चीज, चॉकलेट, लोणचं, इडली-डोसा, टोमॅटो अशी मैत्रिणीने पाठवलेली यादी फोनमध्ये तयारच असते. कित्येकींनी त्यातलं निम्मं आधीच सोडून दिलेलं असतं. दुसरा प्रश्नही ठरलेला. "मॅडम, चार्ट आजच मिळेल ना?"

आज मिळत नाही. पहिल्या भेटीत आम्ही तुमचं सगळं ऐकून घेतो, रिपोर्ट बघतो, कामाच्या वेळा विचारतो आणि एका महिन्याच्या नोंदी करायला सांगतो. यावर काहीजणी नाराज होतात, "फी घेतली आणि घरचा अभ्यास दिला" असंही म्हणतात. आम्ही असं का करतो, हे प्रत्येकीला नीट सांगायला भेटीची वेळ पुरत नाही, म्हणून हे पत्रक.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पाळीशी जोडलेल्या अर्धशिशीत इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन 'कमी' असतं असं नाही. पाळी येण्याआधी ते झपाट्याने खाली उतरतं, आणि त्या उतरण्याने डोकं उठतं. हा उतार प्रत्येक स्त्रीच्या शरीरात दर महिन्याला होतो. ज्यांचा मेंदू अर्धशिशीच्या प्रवृत्तीचा आहे त्यांना तो सोसत नाही, इतकंच. म्हणूनच हार्मोनच्या तपासण्या नॉर्मल येतात आणि त्रास मात्र खरा असतो. जाडजूड फाइल पुढे ठेवून "सगळं नॉर्मल म्हणतात हो, मग मी काय नाटक करते का?" असं विचारताना डोळे भरून आलेल्या ताई मी पाहिल्या आहेत. तुम्ही नाटक करत नाही. वयात आल्यानंतर अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांत साधारण तिप्पट आढळते, आणि त्यामागचं मोठं कारण हे हार्मोनचे चढउतारच आहे.

हा उतार जेवणाने थांबत नाही. थांबवतो असं सांगून कोणी पावडर विकत असेल तर घेऊ नका. जेवणाने आणि दिनक्रमाने एवढंच साधतं की त्याच दिवसांत अंगावर येणारे बाकीचे भार कमी होतात: उपाशी पोट, अपुरी झोप, कमी पाणी, चुकलेला चहा. उतार एकटा आला तर पुष्कळदा निभावून जातं. त्याच्या जोडीला आणखी दोन भार आले की डोकं धरून अंधाऱ्या खोलीत पडावं लागतं. तुमच्या बाबतीत ते दोन भार कोणते, हे मला पहिल्या दिवशी कळत नाही. तुमच्या नोंदीतून कळतं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक

नोंद करा म्हटलं की बहुतेक जणी फक्त डोकं दुखलं त्या दिवशीच लिहितात. महिन्याने वहीत चार-पाच नोंदी असतात, मधले पंचवीस दिवस कोरे. अशी वही आम्हाला उपयोगी पडत नाही, आणि तुमचा एक महिना वाया जातो.

सिडकोतल्या एक ताई, शाळेत शिक्षिका. अक्षर सुरेख, नोंदी पाच, पाचही दुखण्याच्या. त्यातल्या चार ठिकाणी लिहिलेलं: 'दुपारी दही खाल्लं'. घरात निकाल लागलेला होता. सासूबाईंनी विरजण लावणं बंद केलं होतं, आणि दह्याशिवाय घास न उतरणाऱ्या या बाई सहा आठवडे कोरडी भाजी-पोळी खात होत्या. आम्ही म्हटलं, दही पुन्हा सुरू करा आणि या वेळी रोज लिहा, न दुखलेल्या दिवशीही. पुढच्या महिन्यात दही बावीस दिवस होतं. त्यातले एकोणीस दिवस डोकं शांत होतं. जे तीन दिवस दुखलं, ते तिन्ही पाळीच्या आदल्या-मागल्या दिवसांतले निघाले, आणि तिन्ही दिवशी पेपर तपासण्याच्या घाईत डबा साडेतीनला उघडला होता. दह्याचा काही संबंध नव्हता. डबा एक वाजता खायचा आणि सकाळी अकराला मूठभर शेंगदाणे-गूळ, हा त्यांचा 'चार्ट'. त्यासाठी आम्हाला कोरे चौकोन भरलेले हवे होते.

चॉकलेटचंही असंच होतं. अर्धशिशीचा झटका डोकं दुखायच्या कितीतरी तास आधी, कधी आदल्या दिवशीच सुरू झालेला असतो. जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते आणि गोड खावंसं वाटतं. तुम्ही चॉकलेट खाता, संध्याकाळी डोकं उठतं आणि दोष चॉकलेटला लागतो. प्रत्यक्षात गोडाची ती ओढच झटक्याची पहिली खूण असू शकते. रोजची नोंद असली की हे वेगळं काढता येतं. आणि खूण ओळखता आली तर तेवढ्या वेळात जेवून घेता येतं, पाणी पिता येतं, रात्रीचं जागरण टाळता येतं.

नोंद कशी करायची

नवी वही नको. स्वयंपाकघरातल्या ज्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुम्ही दुधाचा हिशोब आणि सिलिंडरची तारीख लिहिता, तेच वापरा. रात्री ओटा पुसून झाला की त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचं. पाळीचा पहिला दिवस म्हणजे लाल गोल. डोकं दुखलं तर फुली, आणि तिच्याशेजारी १, २ किंवा ३: कामं करता आली तर १, ढकलत केली तर २, आडवं पडावं लागलं तर ३. गोळी घेतली तर 'गो'. जेवण दीड तासाहून जास्त लांबलं तर 'उ'. झोप सहा तासांपेक्षा कमी झाली तर 'झो'. आणि यातलं काहीच झालं नाही तर एक टिंब. हे टिंब विसरू नका. रिकामा चौकोन पाहून तुम्ही लिहायला विसरलात की दिवस चांगला गेला, हे आम्हाला सांगता येत नाही.

मग लाल गोलाच्या आधीचे दोन चौकोन आणि गोल धरून पुढचे तीन, असे पाच चौकोन पेन्सिलने घेरा. तीनपैकी किमान दोन पाळ्यांत फुली या पाचांत पडत असेल, तर डॉक्टर त्याला पाळीशी जोडलेली अर्धशिशी मानतात. फुल्या महिनाभर विखुरलेल्या असतील तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं, आणि तेही कळलेलं बरं.

या पाच दिवसांत काय सांभाळायचं

उपवास. आपल्याकडे हे सगळ्यात मोठं कारण आहे असं माझं मत आहे. संकष्टी साधारण साडेएकोणतीस दिवसांनी येते. तुमची पाळीही एकोणतीस-तीस दिवसांची असेल तर एकदा दोन्ही एकत्र आल्या की पुढचे कितीतरी महिने एकत्रच येत राहतात. चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं, वर इस्ट्रोजेनचा उतार. मग "दर चतुर्थीला डोकं दुखतं" असं वाटू लागतं. उपवास सोडा असं आम्ही कुणालाही सांगत नाही, तो तुमचा आणि देवाचा प्रश्न आहे. पण पाच चौकोनांत आलेला उपवास निर्जळी नको, आणि एका वेळच्या साबुदाणा खिचडीवर दिवस काढायचा नाही. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, ताक, दूध-केळं, असं दर तीन-चार तासांनी थोडं खा. हरतालिकेला आणि नवरात्रात तर कॅलेंडर आधीच बघून ठेवा.

चहा. एकदम बंद करू नका. कॅफीन अचानक तोडलं की त्यानेच डोकं दुखतं. रविवारी उशिरा उठून, चहाची वेळ टळून, अकरा वाजता रांगेत उभं राहून मिसळ खाणाऱ्या कित्येकींची फुली रविवारीच पडते आणि बोलणी तर्रीला बसतात. आधी सुट्टीच्या दिवशीही रोजच्याच वेळी उठून चहा आणि दोन घास खाऊन बघा. दिवसाचं कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत असलं की सहसा पुरे. घरचा चहा तीन कपांपर्यंत असेल तर काळजी नको. पाच-सहा कप होत असतील तर चार-पाच दिवसांनी एकेक कमी करा, आणि कमी करायला सुरुवात पाच चौकोनांत नको.

मॅग्नेशियम. १९९१ साली इटलीत वीस जणींवर झालेल्या एका छोट्या चाचणीत, पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात रोज ३६० मिलिग्रॅम मॅग्नेशियम घेतल्यावर दुखणं कमी झालेलं दिसलं. चाचणी लहान होती, म्हणून मी ते औषध म्हणून सांगत नाही, आणि गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मुळीच नको. पण ताट बदलायला कोणाची परवानगी लागत नाही. बाजरी किंवा नाचणीच्या एका मध्यम भाकरीतून साधारण ७५ ते ९० मिलिग्रॅम मिळतं. पाळीच्या आधीचे दोन आठवडे एका वेळी पोळीऐवजी भाकरी, वर तीळ आणि भोपळ्याच्या बियांची चटणी, आणि एक पालेभाजी. ही चटणी आमच्याकडे तयार मिळते. घरी करायला वेळ असेल तर घरीच करा: दोन वाट्या तीळ, एक वाटी भोपळ्याच्या बिया, दोन्ही वेगवेगळं मंद आचेवर भाजायचं, लसूण, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटायचं.

जवसाबद्दलही विचारणा होते. २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात १८२ जणांना सोळा आठवडे वेगवेगळा आहार दिला होता. माशांतलं ओमेगा-३ वाढवल्यावर दुखण्याचे दिवस कमी झाले. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं आहे, शरीरात त्यातलं फार थोडंच माशांतल्या प्रकारात बदलतं. जवसाची चटणी चांगलीच आहे, आम्ही विकतोही, पण बांगड्याचं काम ती करेल असं सांगून विकत नाही.

द्राक्षांचा हंगाम आला की "द्राक्षं सोडू का?" हा प्रश्न हमखास येतो. आम्ही आजवर कुणाची द्राक्षं बंद केलेली नाहीत. वाइनचं वेगळं आहे: रेड वाइनने काहीजणींचं डोकं उठतं, घेत असाल तर पाच दिवस टाळा. डोक्यावरून आंघोळ केल्यावर दुखतं ही तक्रारही खरी आहे, आपल्याकडच्या डॉक्टरांनी ती नोंदवलेली आहे. पाळीच्या चौथ्या दिवशी न्हायचं असेल तर आधी काहीतरी खा आणि केस लगेच कोरडे करा.

जिथे आमचं काम संपतं

खूप जणी या दुखण्याला पित्त म्हणतात आणि वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या घेतात. मळमळ आणि उलटी ही अर्धशिशीचीच लक्षणं आहेत. झटक्यात पोटाचं कामही मंदावतं, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी सुरुवातीलाच घ्या. मात्र 'गो' मोजा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (खास अर्धशिशीसाठीच्या गोळ्या) किंवा कॅफीन मिसळलेल्या गोळ्या दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. ही संख्या दिसली तर आम्ही तुम्हाला आहार देण्याआधी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवतो.

डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येत असतील किंवा अर्धं दिसेनासं होऊन मग डोकं दुखत असेल, तर गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या अशा स्त्रियांना सहसा देत नाहीत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. गणपतीत किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलण्याची गोळीही दुकानातून परस्पर आणू नका. ती थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, आणि त्याच वेळी मोठा झटका आल्याचं अनेकजणींच्या कॅलेंडरवर आम्ही पाहिलं आहे.

एकाएकी, क्षणात शिगेला पोचलेलं दुखणं. हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं. तापासह मान ताठणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने दुखणं. यातलं काहीही असेल तर आमच्याकडे फोन करण्यात वेळ घालवू नका, थेट दवाखान्यात जा.

दुसऱ्या भेटीबद्दल

पहिल्या भेटीच्या फीमध्ये दुसरी भेट धरलेली आहे, तिचे वेगळे पैसे नाहीत. पण ती कॅलेंडर भरल्यावरच ठेवतो. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी कोणत्या आठवड्यात कोणती शिफ्ट होती तेही लिहावं; त्यांच्या जेवणाच्या वेळा आम्ही शिफ्टप्रमाणे वेगळ्या बसवून देतो. तयार चार्ट व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. कॅलेंडरचा फोटो मात्र आधी पाठवलात तर चालेल, सगळे चौकोन वाचता येतील असा काढा.

आणि महिना संपला की पान फाडून रद्दीत टाकू नका. दूधवाल्याचा हिशोब मिटला तरी दुखणं पाळीशी जोडलेलं आहे का हे बघायला आम्हाला लागोपाठ तीन महिन्यांची पानं लागतात.