लाल फिल्टर आणि व्हाइट बॅलन्स: एक सेन्सरच्या आधी, दुसरा नंतर

"फिल्टर लावलाय ना, मग व्हाइट बॅलन्स कशाला?" आणि "व्हाइट बॅलन्स नीट जमला की फिल्टर लागतच नाही." पाण्याखाली व्हिडिओ करणाऱ्यांकडून ही दोन वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आता सगळं एकदा लिहूनच काढते. दोन्हींतली चूक एकच आहे. फिल्टर आणि व्हाइट बॅलन्स एकच काम करतात, म्हणून दोन्हींपैकी एक पुरे, असं धरून चाललेलं असतं. प्रत्यक्षात त्यांच्या मध्ये सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग, उभा आहे, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

व्हाइट बॅलन्सवर फार शब्द खर्च करत नाही. जमिनीवर शूट करणाऱ्याला तो ठाऊक असतो. राखाडी किंवा पांढरी वस्तू दाखवायची, कॅमेरा लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनलना वेगवेगळ्या आकड्यांनी गुणतो आणि ती वस्तू रंगहीन करून दाखवतो. पाण्याखालीही तत्त्व तेच. सूर्य पाठीशी ठेवायचा, स्लेटवर (सोबत नेलेल्या पांढऱ्या किंवा राखाडी पाटीवर) उजेड पडू द्यायचा, खोली तीन-चार मीटरने बदलली की पुन्हा बॅलन्स करायचा. ऑटो मला अजिबात चालत नाही. प्रवाळावरून कॅमेरा मोकळ्या निळ्या पाण्याकडे वळवला की चालू क्लिपमध्येच रंग सरकतो, आणि असा सरकता रंग नंतर दुरुस्त करणं फार जिकिरीचं असतं.

गोंधळाचा काही भाग शब्दाचाही आहे. मोबाइलमुळे "फिल्टर" म्हटलं की डोळ्यांसमोर अ‍ॅपमधलं बटण येतं. ते बटण म्हणजे आकडेमोड. कॅमेऱ्यातला "अंडरवॉटर मोड"सुद्धा आकडेमोडच. हे दोन्ही व्हाइट बॅलन्सच्या गोतावळ्यातले. मी फिल्टर म्हणते तेव्हा लेन्ससमोर बसणारी लालसर-नारिंगी काच किंवा प्लास्टिकची चकती एवढंच म्हणते.

आता पाणी काय करतं ते बघू. शुद्ध पाण्यातून ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश ५ मीटर गेला की साधारण १८ टक्के उरतो. १० मीटरला उरतो सुमारे ३ टक्के. ४५० नॅनोमीटरचा निळा मात्र १० मीटरनंतरही ९० टक्क्यांवर असतो. समुद्रात प्लवक, गाळ आणि विरघळलेले पदार्थ यात भर घालतात, म्हणजे परिस्थिती आणखी बिघडतेच. शिवाय हे अंतर फक्त खोलीचं नसतं. पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि माशापासून लेन्सपर्यंत, दोन्ही मिळून मोजायचं.

याच ठिकाणी बहुतेकांचा पाय घसरतो. लाल काचेतून बघितलं की सगळं लाल दिसतं, म्हणून फिल्टर लाल रंग "देतो" असं वाटतं. तो काहीही देत नाही. तो निळा आणि हिरवा प्रकाश अडवतो आणि लाल बहुतांशी जाऊ देतो, बस्स. व्हाइट बॅलन्सही लाल देत नाही, फक्त आलेल्या लालला मोठ्या आकड्याने गुणतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग लाल वाढत नसेल तर काच लावायची कशासाठी? एक्सपोजरसाठी, म्हणजे सेन्सरवर एकूण किती प्रकाश गोळा करायचा त्यासाठी. हे उत्तर नीट समजून घ्या, कारण फिल्टरच्या जाहिरातींत ते क्वचितच सापडतं.

सोपे आकडे घेऊ. एका खोलीवर निळा १००, हिरवा ८० आणि लाल १० इतका प्रकाश आहे असं मानू. एक्सपोजर ठरतं ते सगळ्यांत उजळ चॅनलवरून, कारण निळा भरून सांडला तर पाणी सपाट, जळाल्यासारखं दिसतं. निळा २५५ वर, म्हणजे मर्यादेवर आणला, तर लालच्या वाट्याला जेमतेम २५ येतात. आता निळा-हिरवा एक चतुर्थांशावर आणणारा फिल्टर लावा. निळा २५, हिरवा २०, लाल ९. चित्र अंधारं झालं, पण वर जागा मोकळी झाली. ती जागा वापरून एक्सपोजर दोन स्टॉपने, म्हणजे चौपट वाढवलं, की निळा पुन्हा १००, हिरवा ८० आणि लाल ३६. त्याच २५५ च्या मापात लाल आता २५ ऐवजी ९२ च्या आसपास पोचला. समुद्रातला लाल तितकाच होता, सेन्सरने तो जास्त वेळ गोळा केला एवढंच.

यानंतर व्हाइट बॅलन्सला लालला दहाने गुणावं लागत नाही, तिनाहून कमीवर भागतं. ८ बिट व्हिडिओत प्रत्येक चॅनलला २५६ पायऱ्या असतात. त्यातल्या २५ पायऱ्यांत बसलेला लाल दहापट ताणला की मधल्या पायऱ्या रिकाम्या राहतात. माशाच्या अंगावर पट्टे उठतात, सावल्यांत लाल दाणे नाचतात. १० बिटमध्ये पायऱ्या १०२४ होतात, पट्टे कमी दिसतात, दाणे मात्र राहतात, कारण ते कमी प्रकाशामुळे आलेले असतात. "रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) नंतर करता येतं" हे फोटोग्राफरचं म्हणणंही इथे अपुरं आहे. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स नंतर बदलता येतो, पण न गोळा केलेला प्रकाश त्यातही नसतोच.

वरच्या हिशेबात एक अट आहे: मोकळी झालेली जागा खऱ्या प्रकाशाने भरता आली पाहिजे. म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) उघडून किंवा शटर जास्त वेळ उघडं ठेवून. आयएसओ वाढवणं म्हणजे आलेला सिग्नल नुसता मोठा करणं, प्रकाश वाढवणं नव्हे. म्हणून फिल्टर लावावा की काढावा हे मी खोलीच्या तक्त्यावरून ठरवत नाही, आयएसओ बघून ठरवते. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर बहुधा ठरलेलं असतं. उथळ, ऊन पडलेल्या पाण्यात तो आयएसओ तळाला ठेवून शटरची वेळ अगदी छोटी करतो. याचा अर्थ प्रकाश वाया जातोय, फिल्टर लावा. खाली गेल्यावर शटर फ्रेमरेटने (सेकंदाला किती चित्रं यावर) घातलेल्या मर्यादेला टेकलं आणि आयएसओ चढू लागला, की फिल्टर नुसता प्रकाश खातोय, काढा. ढगाळ दिवशी हे दहा मीटरवरच होऊ शकतं. म्हणूनच मला बिजागरीवर उघडझाप होणारा फिल्टर आवडतो. हाउसिंगच्या (कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या) आत अडकवलेला फिल्टर पूर्ण डाइव्हभर गळ्यात पडतो.

दोन्ही एकत्र वापरण्याचं आणखी एक ठोस कारण आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांचा कस्टम व्हाइट बॅलन्स ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही. खोलवर स्लेट इतकी निळी असते की कॅमेरा ती स्वीकारत नाही, किंवा जमेल तेवढा बदल करून थांबतो. फिल्टर आधी निळा कापून स्लेटला त्या मर्यादेत आणतो. क्रम मात्र पाळा: आधी फिल्टर, मग त्यातून बघत बॅलन्स. फिल्टरशिवाय घेतलेला बॅलन्स फिल्टर लावल्यावर बाद होतो.

जवळचा मासा नीट रंगात आणि मागचा खडक निळाच, याचा दोष दोन्हींपैकी कुणालाही देऊ नका. दोन्ही पूर्ण फ्रेमला एकच माप लावतात, पाणी मात्र अंतरागणिक वेगळं माप लावतं. डेर्या अक्कायनाक आणि ताली त्राइबिट्झ या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेली, पाण्याखालच्या फोटोंचे रंग सुधारणारी "सी-थ्रू" पद्धत प्रत्येक पिक्सेलचं अंतर विचारात घेते ती यामुळेच.

हिरव्या पाण्यात लालऐवजी मॅजेंटा फिल्टर घ्या. आयएसओच्या नियमाला एक अपवाद: पृष्ठभागाजवळ, दोन-तीन मीटरपर्यंत, लाल फिल्टरने सगळं शेंदरी होतं, तिथे लावू नका.

आणि व्हिडिओ लाइट चालू असताना लेन्सवर लाल फिल्टर ठेवलेला दिसला की मला फार वाईट वाटतं. लाइटने आणलेला प्रकाश जवळून जवळपास पांढराच येतो. फिल्टर त्यातला निळा-हिरवा कापतो, आणि पुढचा मासा भडक लाल होतो. लाइटचाही पल्ला छोटा असतो. एक मीटरवरच्या माशापर्यंत जाऊन परत येताना प्रकाश दोन मीटर पाणी ओलांडतो, आणि त्या ६५० नॅनोमीटरच्या लालपैकी निम्माच उरतो. तीन मीटरवरच्या माशासाठी उरतो जेमतेम १३ टक्के. दोन्ही प्रकाश एकत्र वापरायचेच असतील तर फिल्टर लेन्सवर नको, लाइटवर लावा, आणि तोही निळा. मग लाइटचा रंग सभोवतालच्या पाण्याशी जुळतो आणि एकच व्हाइट बॅलन्स दोन्हींना पुरतो.