मोड आणि मांडणी: टाइम-लॅप्स व स्टॉप मोशन यांतला फरक

नामांकित आचाऱ्यावरच्या माहितीपटाचे शीर्षकदृश्य करायला घेतले की पहिल्याच बैठकीत कोणीतरी सुचवते, ‘‘आधी मटकीला मोड येताना दाखवू, मग त्याच मटकीतून नाव तयार होऊ दे, सगळे स्टॉप मोशनमध्ये करू.’’ मिसळीच्या नाशकात ही कल्पना सुचणे स्वाभाविकच आहे, आणि ती चांगलीही आहे. फक्त तिच्यात दोन वेगळी तंत्रे एकाच नावाखाली आली आहेत. मोड येणे हे टाइम-लॅप्सचे काम आहे आणि नाव तयार होणे हे स्टॉप मोशनचे. दोन्हींत कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून एकेक छायाचित्र घेतले जाते, ती छायाचित्रे सेकंदाला 25 या वेगाने सलग दाखवली जातात आणि पडद्यावर वस्तू आपोआप हलल्यासारख्या दिसतात, त्यामुळे गोंधळ होतो. फरक आहे तो दोन छायाचित्रांच्या मधल्या वेळात. टाइम-लॅप्समध्ये त्या वेळात वस्तू स्वतः बदलते आणि आपण हात बांधून बसायचे असते. स्टॉप मोशनमध्ये वस्तू जागच्या जागी पडून राहते आणि बदल आपण करायचा असतो.

नाशिककरांना याची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. त्र्यंबकेश्वरी 1870 मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ही दोन्ही तंत्रे हाताळली होती. 1912 मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट (फ्रेम) टिपत चित्रित केली. ती ‘अंकुराची वाढ’. पुढे 1913 मध्ये त्यांनी आपला चित्रपटनिर्मितीचा पसारा नाशिकला हलवला, आणि 1915 च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये आगकाड्यांना खेळवले. वाटाणा आपल्या गतीने वाढत होता आणि फाळके थांबले होते. आगकाडी मात्र त्यांनी सरकवल्याशिवाय हलणार नव्हती. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात जाणाऱ्यांपैकी किती जणांना ही आगकाडी आठवत असेल, कोण जाणे.

हा फरक हिशेबात लगेच उतरतो. भिजवून उपसलेल्या मटकीला मोड यायला वीस तास धरले आणि दर पाच मिनिटांनी एक छायाचित्र घेतले, तर 240 छायाचित्रे होतात आणि पडद्यावर साडेनऊ सेकंदांच्या आसपास दृश्य मिळते. अंतर मोजून कॅमेऱ्याचे बटण दाबण्याचे काम इंटरव्हलोमीटर करतो. माणूस झोपला तरी चालते. याउलट बारा सेकंदांत नाव जुळवायचे असेल, तर प्रत्येक छायाचित्र दोन चौकटींसाठी वापरूनही 150 छायाचित्रे लागतात, आणि दर खेपेला दाणे ठेवून हात बाजूला घेण्यात दोन मिनिटे गेली, तरी कामाचे पाच तास होतात. या पाच तासांत कोणाला झोपता येत नाही.

टाइम-लॅप्स त्यावरून सोपा वाटतो, पण तो वस्तूच्या मर्जीवर चालतो, हे मला पंचवटीतल्या एका भटारखान्यात डिसेंबरात कळले. वीस तासांचा हिशेब मी उन्हाळ्यातल्या अनुभवावरून केला होता. नाशिकच्या थंडीत सकाळपर्यंत मटकीने जेमतेम टोक दाखवले होते, आणि दृश्याचा बहुतेक भाग स्वस्थ पडलेल्या दाण्यांचा निघाला. दुसरी चूक ओलाव्याची होती. घरी मटकी फडक्यात बांधून ठेवतात, कारण तिला ऊब आणि ओल लागते. कॅमेऱ्यासाठी ती परातीत उघडी पसरली की वरचे दाणे सुकतात. मी मधूनमधून पाणी शिंपडले, तर प्रत्येक शिंपडणे पडद्यावर झटक्यासारखे दिसू लागले. शेवटी दाण्यांखाली ओले फडके जाड घडीने अंथरले, परातीशेजारी गरम पाण्याची भांडी ठेवून दाराच्या फटी बुजवल्या, आणि तीस तास धरून पुन्हा सुरुवात केली.

त्या पहिल्या फसलेल्या रात्रीनंतर एका सहकाऱ्याने सुचवले होते, की मोड आलेले दाणे चिमट्याने उचलून साध्या दाण्यांच्या जागी एकेक करून ठेवावेत. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे. पण तसे केले की ते स्टॉप मोशन होते, आणि प्रेक्षक मात्र ते मोड आल्याची नोंद म्हणून पाहतो. कल्पित चित्रपटात मी याला हरकत घेतली नसती. खऱ्या आचाऱ्याच्या खऱ्या स्वयंपाकाबद्दलच्या माहितीपटात मला ते पटले नाही.

प्रकाशाचे नियमही दोन्हींत सारखे नाहीत. एक्सपोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हाताने ठरवून पक्के करावेच लागतात. पण टाइम-लॅप्समध्ये खिडकीतून येणारे ऊन परातीवरून सरकत गेले, तर ते दृश्याचा भागच होते, उलट वेळ जात असल्याची खूण म्हणून ते हवेसेच वाटते. स्टॉप मोशनमध्ये तेच ऊन शत्रू ठरते, कारण पाच तासांतली सावली बारा सेकंदांत परातीवरून धावत जाते आणि दाण्यांऐवजी नजर तिच्याकडे जाते. म्हणून खिडक्या काळ्या कापडाने बंद करायच्या आणि फक्त दिव्यांवर काम करायचे.

कांदा परतण्याच्या दृश्यात ही सीमारेषा पुसट होते. कांदा गुलाबीवरून तपकिरी व्हायला वीस मिनिटे लागली आणि दर बारा सेकंदांनी छायाचित्र घेतले, तर चार सेकंदांचे दृश्य मिळते. पण कांदा सतत हलवावा लागतो. उलथने एका चौकटीत दिसते, दुसरीत गायब होते, आणि वाफेचे ढग नुसते लुकलुकतात. प्रत्येक छायाचित्रापूर्वी उलथने बाहेर घेऊन कांदा सारखा पसरला, तर रंग स्वतःहून बदललेला असतो आणि मांडणी आपण केलेली असते. मी याला टाइम-लॅप्सच म्हणेन, कारण बघणाऱ्याला जे दाखवायचे आहे, तो रंग, ते आचेने केलेले काम आहे. स्टॉप मोशनसाठी गरम पदार्थ मात्र जवळपास निरुपयोगी असतात: तासाभरात तर्रीचा तवंग थिजतो आणि कोथिंबीर मान टाकते. तिथे कोरडे जिन्नसच घ्यावेत. अक्षरांसाठी आम्ही कच्ची मटकी ठरवली.

अक्षरांच्या बाबतीत देवनागरीची एक स्वतंत्र अडचण आहे. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यामुळे ती एकेक करून जुळवली तरी वाचता येतात. आपली अक्षरे शिरोरेषेने बांधलेली असतात, आणि हाताने लिहिताना बहुतेक जण ती शेवटी ओढतात. त्याच क्रमाने परातीत दाणे मांडून मी चाचणीसाठी ‘मटकी’ हा शब्द केला, तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या मुलाने तो ‘भटकी’ असा वाचला. डोक्यावरची रेघ आल्याशिवाय ‘म’ पुरता ‘म’ होत नाही. म्हणून आम्ही क्रम उलटा केला. आधी तीन दाण्यांच्या जाडीची शिरोरेषा डावीकडून उजवीकडे वाढत गेली, मग तिला अक्षरे लोंबू लागली, आणि वेलांटी सर्वांत शेवटी वळली.

राहिला प्रश्न सांध्याचा, म्हणजे मोड आलेली मटकी जिथे संपते आणि नावाची मटकी सुरू होते तिथला. परात तीच, कॅमेऱ्याची उंची तीच आणि दिव्याची दिशाही तीच ठेवायची होती, म्हणून टाइम-लॅप्सचा शेवटचा भागही आम्ही खिडकी झाकून दिव्यावरच घेतला. त्या शेवटच्या छायाचित्रातले मोड आलेले दाणे परातीच्या कडांना ढकलत मध्ये मोकळी जागा केली, आणि तिथे कच्च्या मटकीची शिरोरेषा सुरू झाली. मोड आलेला पहिला दाणा हाताने सरकवला, तेव्हा वेळ पहाटे चारची होती आणि आचारी मागे कांदा चिरत होते.