पाण्यातली कावीळ आणि रक्तातली कावीळ: लिव्हरच्या कॅन्सरची भीती कुठल्या काविळीत?

आमच्या गल्लीतल्या एका पोराला कावीळ झाली, तर त्याची आई रडत विचारत होती, आता ह्याला लिव्हरचा कॅन्सर होणार का ओ? आणि त्याच गल्लीत एकजण हिपॅटायटिस बी (लिव्हरला सूज आणणारा एक व्हायरस) पॉझिटिव्हचा रिपोर्ट कपाटात टाकून बिनधास्त फिरतोय, का तर डोळे पिवळे नाहीत. नेमकं उलटं चाललंय बघा.

पोराला झालेली हिपॅटायटिस ई, म्हणजे घाण पाण्यातनं येणारी. इचलकरंजीत २०१२ ला साथ आलेली ती हीच. ए पण तसलीच. माणूस आडवा पडतो, गरोदर बाईला तर ई जिवावर बेतू शकते, त्यामुळं हलक्यात घेऊ नका, पण सहसा दीड-दोन महिन्यात शरीर व्हायरस बाहेर काढतं आणि मागं कॅन्सर ठेवत नाही.

बी आणि सी चं तसं नाही. हे रक्तातनं येतात, वापरलेली सुई, दुसऱ्याचं ब्लेड, जत्रेतलं गोंदण, बी तर शरीरसंबंधातनं आणि बाळंतपणात आईकडनं बाळाला पण. मोठ्या माणसाला बी झाली तर बहुतेक वेळा आपोआप जाते, पण जन्मताना बाळाला झाली की १०० तली ९० बाळं ती आयुष्यभर घेऊन जगतात, म्हणून तर जन्मल्यापासून २४ तासात लस द्यायची असते, ती चुकवू नका. हे व्हायरस २०-३० वर्षं गप बसून लिव्हर पोखरतात, सिरोसिस होतो, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जातं, मग कॅन्सर, आणि बी मध्ये तर सिरोसिस नसताना पण होऊ शकतो. वर दारू, शुगर, फॅटी लिव्हर असेल तर धोका अजून वाढला. बुरशी आलेले शेंगदाणे पण टाकूनच द्या, त्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजून पूर्ण जात नाही आणि बी असलेल्याला ते लईच घातक.

माळ घालून, डाग देऊन कुठली कावीळ आहे ते कळत नाही, रक्त तपासूनच कळतं. सी निघाली तर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांची बरी होते. बी निघाली तर डॉक्टरांना विचारून गोळ्या, दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी, आणि घरातल्या सगळ्यांची टेस्ट. सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधं फुकट आहेत, कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात जाऊन चौकशी करा, आणि घरात ज्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह येईल त्यांना बी ची लस लगेच द्या, ३ डोस, एकही न चुकवता.