लिफ्ट खाली बसते: दोष सिलिंडरचा की वॉल्व्हचा?

सांवेर-देपालपूरकडे जुना छोटा ट्रॅक्टर बघायला गेलं की 'हायड्रोलिक जरा ढिलं आहे, सील टाकली की झालं' हे हमखास ऐकू येतं. इंदुरात राहून गावाकडची शेती सांभाळणारी आपली मंडळी त्यावर थोडी किंमत पाडून घेतात आणि सौदा उरकतात. पण लिफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरमागचं अवजार तेलाच्या दाबाने उचलणारी यंत्रणा, नेमकं काय करत नाही, हे कोणी विचारत नाही. ती उचलत नाही, की उचललेलं धरत नाही?

उचलतच नसेल, किंवा फक्त रेस वाढवल्यावर उचलत असेल, तर आधी तेलाची पातळी, फिल्टर, पंप आणि जादा दाब सोडून देणारा रिलीफ वॉल्व्ह पाहायचे. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. हा पाढा बहुतेक मिस्त्रींना पाठ असतो.

खरा घोळ होतो तो लिफ्ट धरत नसते तेव्हा. रोटावेटर वर घेतला, इंजिन बंद केलं आणि तो हळूहळू जमिनीला टेकला. इंजिन बंद म्हणजे पंपाचा संबंध संपला; आता भार पेलतंय ते सिलिंडरात कोंडलेलं तेल. त्याला निसटायला मुख्यतः दोन वाटा: पिस्टनच्या ओ-रिंगमधून (ही गोल रबरी सील), नाहीतर लिव्हरने चालणाऱ्या कंट्रोल वॉल्व्हमधून. बहुतेक ट्रॅक्टरांत दोन्हीकडचं तेल लिफ्टच्या पेटीतच पडतं, बाहेर थेंबही दिसत नाही. म्हणूनच वॉल्व्हच्या गळतीसाठी सिलिंडर उघडला जातो, आणि नवी सील टाकूनही लिफ्ट बसतच राहते.

दोन्ही वेगळे ओळखायची सोय बऱ्याच ट्रॅक्टरांत सीटखालीच असते: लिफ्ट खाली येण्याचा वेग कमी-जास्त करणारी नॉब. अवजार वर घ्या, लिव्हर वरच राहू द्या, नॉब पूर्ण बंद करा आणि इंजिन थांबवा. आता सिलिंडर आणि वॉल्व्ह यांच्यातली वाट तुटली. लिफ्ट तरीही उतरली तर गळती सिलिंडरकडे. थांबली तर वॉल्व्हकडे. यात दोन फटी आहेत. काही मॉडेलांत ही नॉब तेल पूर्ण अडवण्यासाठी बनवलेलीच नसते, आणि काहींत सिलिंडरचा सेफ्टी वॉल्व्ह नॉबच्या पलीकडे, सिलिंडरच्या बाजूला बसवलेला असतो. तिथे तोही संशयित. मॅन्युअल बघितल्याशिवाय निकाल देऊ नये.

नॉब नसेल तर लिफ्टच्या वागण्याकडे बघा. वॉल्व्हची गळती लहरी असते. वॉल्व्ह जिथे घट्ट टेकून बंद होतो तिथे कचऱ्याचा कण अडकला की लिफ्ट बसते, चार वेळा भराभर वर-खाली केली की तो वाहून जातो आणि लिफ्ट तासभर धरते. ओ-रिंग अशी मधूनच बरी होत नाही. तेल तापून पातळ झालं की ती जास्तच गळते. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती उंचीची खूण. रस्त्याने जाताना अवजार बहुधा एकाच उंचीवर असतं आणि धक्के तिथेच बसतात, त्यामुळे सिलिंडर त्याच जागी ओरखडण्याची शक्यता जास्त. मग लिफ्ट त्या उंचीवर भरभर उतरते आणि जरा खाली आली की थबकते. वॉल्व्हला पिस्टन कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

असा ओरखडा असेल तर नुसत्या ओ-रिंगने भागत नाही. आतून नख फिरवून बघा. नख अडकलं तर नवी रिंगही लवकरच कापली जाईल. त्यातून सीट आणि वरचं कव्हर काढण्याची मजुरी वेगळी. वॉल्व्ह मात्र पुष्कळदा एकटा सोडवून साफ करता येतो. म्हणून किंमत ठरवताना हा फरक महत्त्वाचा.

थोडं बसणं नव्या ट्रॅक्टरातही असतं. नर्मदाकाठच्या बुधनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टर तपासताना भार उचलून अर्धा तास ठेवतात आणि दर ५ मिनिटांनी लिफ्ट किती मिलिमीटर उतरली ते नोंदवतात. विकत घेताना तेच करा. अवजार जोडतात त्या खालच्या हातांची उंची टेपने मोजा, तीही शेतात काम करून तेल तापल्यावर. अंगणात थंड उभ्या ट्रॅक्टरची, त्यातही कोणी मुद्दाम जाड तेल भरलं असेल तर, लिफ्ट छान धरते. हे करताना अवजाराखाली कोणीही जायचं नाही, आणि पाइपातून बारीक फवारा उडत असेल तर बोट लावू नका. दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. पुठ्ठा धरून बघा.

ट्रॅक्टरला पुढे लोडर असेल तर हिशोब उलटा. त्याच्या सिलिंडरात पिस्टनच्या दोन्ही बाजूंना तेल असतं. वॉल्व्हने दोन्ही तोंडं घट्ट बंद ठेवली, तर पिस्टनची सील फाटली तरी पिस्टनचा दांडा फारसा आत जाऊ शकत नाही, कारण आत येणाऱ्या दांड्याएवढ्या तेलाला बाहेर पडायला जागाच नसते. त्यामुळे बकेट खाली बसत असेल आणि दांडा बाहेरून कोरडा असेल, तर आधी वॉल्व्हचा स्पूल (तेलाची वाट उघडणारा-मिटणारा सरकता भाग) तपासायला सांगा.