सान मिगेल देल वादोची सनद

1897 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यू मेक्सिकोतल्या एका गावाचा जमिनीचा दावा निकालात काढला. सान मिगेल देल वादो हे त्या गावाचं नाव. गावकऱ्यांचा दावा सुमारे 3 लाख 15 हजार एकरांचा होता, पदरात पडले जेमतेम 5 हजार. पाण्याचं तसं झालं नाही. त्या मुलखातल्या गावपाटांचे जुने नियम नव्या राजवटीतही चालू राहिले आणि न्यू मेक्सिकोत असे सुमारे 700 पाट आजही वाहतात. जमीन गेली आणि पाणी राहिलं, याचं मूळ स्पॅनिश आणि मेक्सिकन अमलात आहे.

मेक्सिको शहरापासून सांता फे, म्हणजे न्यू मेक्सिकोची राजधानी, सुमारे 2500 किलोमीटर दूर. सतराव्या शतकात मिशनांसाठी रसद घेऊन येणारा गाड्यांचा तांडा साधारण तीन वर्षांतून एकदा यायचा, आणि यायला सहा महिने लागायचे. एवढ्या लांबच्या सरहद्दीवर मोठी फौज पोसणं स्पेनच्या राजाला कधीच परवडलं नाही. स्पॅनिश सरदार ओन्यातेने 1598 मध्ये वसाहत मांडली तेव्हा सगळा भार प्वेब्लो गावांवर, म्हणजे तिथल्या शेती करणाऱ्या आदिवासींच्या गावांवर, टाकला गेला. मका आणि कापड खंडणी म्हणून, शिवाय वेठ. वर पाद्र्यांनी त्यांचे देव मोडले. याचा स्फोट ऑगस्ट 1680 मध्ये झाला. ओके ओविंगे गावच्या पोपेने निरोपे धाडले, त्यांच्या हाती गाठी मारलेल्या दोऱ्या होत्या. रोज एक गाठ सोडायची, गाठी संपल्या की उठायचं. दोन निरोपे पकडले गेले, तसा उठाव ठरल्याआधीच झाला. 21 पाद्र्यांसह सुमारे 400 स्पॅनिश मारले गेले. सांता फेला वेढा पडला, तेव्हा प्वेब्लो योद्ध्यांनी शहरात पाणी आणणारा पाटच तोडला. गव्हर्नर ओतेर्मिन उरलेल्या माणसांना घेऊन एल पासोकडे निघून गेला. स्पॅनिश परत आले ते 1692-93 मध्ये, व्हार्गासच्या हाताखाली.

परतल्यावर खंडणीची वतनं पुन्हा सुरू झाली नाहीत. प्वेब्लो गावांना चर्चपासून चारी दिशांना एकेक लीग, म्हणजे 5000 वारा, जमीन राखीव मानण्याचा प्रघात पडला. (एक वारा म्हणजे 84 सेंटिमीटरच्या आसपास. आपल्या वाराशी नावाचं साम्य आहे, माप मात्र थोडं कमी.) सरहद्द राखण्यासाठी आता गरीब कुटुंबांना सनदा द्यायच्या आणि त्यांची वस्ती हल्ल्याच्या वाटेवर बसवायची, असं धोरण आलं. 1751 मध्ये लास त्राम्पासला 12 कुटुंबं बसवली, दर कुटुंबाला 180 वारा रुंदीची शेतपट्टी देऊन. अबिक्यूला 1754 मध्ये 'हेनिसारो' बसवले. हेनिसारो म्हणजे भटक्या टोळ्यांतून पकडून किंवा विकत घेऊन स्पॅनिश घरांत राबवलेले आदिवासी आणि त्यांची मुलं. स्वतःची जमीन मिळवायची तर धोक्याच्या जागी राहायला जाणं, हाच त्यांच्यापुढचा मार्ग होता. राजाची तटबंदी झाली ती अशी, ज्यांच्याकडे गमावण्यासारखं फारसं काही नव्हतं त्यांची.

सान मिगेल पुढे जिथे वसलं ते पेकोस नदीचं खोरं मात्र बराच काळ रिकामंच राहिलं, कारण तिथून कोमांचे नावाचे घोडेस्वार आदिवासी हल्ले करायला येत. 1779 मध्ये गव्हर्नर आन्साने त्यांचा नायक कुएर्नो वेर्दे याला मारलं. पुढे देवीच्या साथीने सगळ्यांनाच झोडपलं, आणि 1786 मध्ये तह झाला. तह टिकला, म्हणूनच त्या खोऱ्यात वस्ती शक्य झाली.

नोव्हेंबर 1794 मध्ये लोरेन्सो मार्केस आणि आणखी 51 जणांनी सान मिगेलच्या जमिनीसाठी गव्हर्नर चाकोनकडे अर्ज केला. त्यांतले 13 हेनिसारो होते. अर्जात म्हटलं होतं की आमच्याकडे 25 बंदुका आहेत. रीत अशी: अर्ज गव्हर्नरकडे, गव्हर्नरचा हुकूम आल्कालदेकडे (आपल्याकडचा जुना मामलेदार समजा), मग जागेवर पाहणी. कोणाची हरकत नसेल तर ताबा. ताबा देताना आल्कालदे लोकांना जमिनीवरून फिरवी. लोक गवत उपटत, दगड फेकत आणि "राजा चिरायू होवो" असं ओरडत. कागदावर मोजणी नसेच, फक्त चतुःसीमा: उत्तरेला वाका नदी, दक्षिणेला कान्योन ब्लांको, पूर्वेला ला कुएस्ता आणि बेर्नालच्या टेकड्या, पश्चिमेला गुसानो नावाची जागा. गुराख्याला हे पुरेसं होतं. शंभर वर्षांनी मोजणीची साखळी घेऊन आलेल्या माणसाला नव्हतं. टेकडीचा माथा धरायचा की पायथा, इथपासून वाद.

सनदेतल्या अटी वाचण्यासारख्या आहेत. जमीन सामाईक राहील, आजच्या लोकांची आणि पुढे येऊन मिळतील त्यांचीही. सगळ्यांनी बंदूक किंवा धनुष्यबाण बाळगायचे, दोन वर्षांनंतर बंदूकच हवी, नसेल त्याला वस्तीतून काढून टाकायचं. चौक (मधल्या मोकळ्या जागेभोवती घरं, अशी बंदिस्त वस्ती) बांधणं, पाट खणणं आणि गावहिताची सगळी कामं सर्वांनी मिळून करायची. चौक बांधून होईपर्यंत मुक्काम पेकोस प्वेब्लोत. 1803 मध्ये गव्हर्नरच्या हुकमाने पेद्रो बाउतिस्ता पिनो येऊन गेला आणि सान मिगेलच्या 58 कुटुंबांना शेतपट्ट्या वाटून गेला. वाटली ती ओलिताची जमीन. बाकी रान, म्हणजे चराई, सरपण, इमारती लाकूड आणि शिकार, गावाचंच राहिलं. आपल्याकडे गायरान म्हणतात तसं. मात्र ते मोठं होतं, शेतापेक्षा कित्येक पटींनी.

पाट समजल्याशिवाय हे गाव समजत नाही. नदीत वरच्या बाजूला ओंडके, फांद्या आणि दगड रचून बंधारा घालतात. नदीला तो पूर्ण अडवत नाही, पाणी फक्त पाटाकडे वळवतो. डोंगरावरचं बर्फ वितळून वसंतात पूर आला की बंधारा वाहून जातो आणि पुन्हा बांधावा लागतो. पण साधन हाताशीच असल्याने तो उभा करायला पैसा लागत नाही, माणसं लागतात. मुख्य पाट डोंगराच्या कडेने अगदी अलगद उतार देत नेतात. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. घरं पाटाच्या वर आणि शेतं खाली, म्हणजे भिजणारी जमीन घराखाली जात नाही. शेतपट्टी पाटापासून नदीपर्यंत अरुंद आणि लांब. मुलांत वाटणी झाली की ती लांबीतच चिरली जाते, म्हणून प्रत्येकाच्या तुकड्याला पाटाचं तोंड राहतं. दोन-तीन पिढ्यांत काही पट्ट्या इतक्या निरुंद होतात की बैलजोडी वळवायला शेजाऱ्याच्या बांधावर जावं लागतं. शेवटी जादा पाणी नदीत सोडणारा चर हवाच, नाहीतर खालची शेतं चिबडतात आणि वर क्षार फुटतो. नेहमीचा शत्रू म्हणजे गोफर, बांधात बिळं करणारा उंदरासारखा प्राणी. रात्रीत एक बीळ फुटलं की सकाळी पाट कोरडा आणि कोणाचं तरी शेत तळं.

दर वसंतात, पाणी सोडण्याआधी, सगळे हिस्सेदार किंवा त्यांनी पाठवलेले मजूर फावडी घेऊन गाळ काढतात. ज्याचा पाण्याचा हक्क मोठा, त्याचे मजूर-दिवस जास्त. हिस्सेदारांनीच निवडलेला मायोर्दोमो, म्हणजे पाटकरी, पाळ्या लावतो. दुष्काळात कोणाचं पाणी पूर्ण बंद होत नाही, सगळ्यांच्या पाळ्या आखूड होतात.

1821 मध्ये मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला आणि इथलं राज्य त्याचं झालं. परक्या व्यापाऱ्यांवरची बंदी उठली आणि त्याच नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिसूरीहून विल्यम बेक्नेल माल घेऊन आला. त्याच्या वाटेवर पेकोस नदी पायी ओलांडण्याची उथळ जागा म्हणजेच वादो. सरहद्दीवरचं धोक्याचं गाव बघता बघता जकातीचं नाकं झालं. 1839च्या सुमारास गव्हर्नर आर्मिहोने दर गाडीला 500 डॉलर सरसकट जकात लावली. व्यापाऱ्यांनी सांता फेच्या अलीकडे दोन-तीन गाड्यांचा माल एका गाडीत कोंबला आणि पुढच्या वेळी मोठ्याच गाड्या आणल्या. पण आर्मिहोच्या तिजोरीला आधार याच जकातीचा होता, कारण मेक्सिको शहरातून पैसा येत नव्हता. सरळ कर लावण्याचा धसका आधीच बसला होता: 1837 मध्ये करांच्या धास्तीने उत्तरेत बंड झालं आणि गव्हर्नर आल्बिनो पेरेसचा जीव गेला.

याच काळात सनदांची जात बदलली. सान मिगेलच्या लोकांना 1835 मध्ये लास वेगासची सामाईक सनद मिळाली, ती जुन्या वळणाची. पण 1841 मध्ये बोब्यां आणि मिरांदा या दोघांना मिळालेली जमीन पुढे मोजली तेव्हा 17 लाख एकरांवर भरली. सरहद्द वसवण्याच्या नावाखाली ओळखीच्या माणसांना मुलूख वाटला गेला, असंच याला म्हणावं लागेल.

मग अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध झालं, आणि ऑगस्ट 1846 मध्ये अमेरिकेच्या जनरल कर्नीने गोळी न झाडता सांता फे घेतलं. त्याच्या संहितेने पाण्यासंबंधीचे चालू कायदे तसेच ठेवले आणि 1850च्या दशकारंभी प्रांतिक विधिमंडळाने पाटांची व्यवस्था कायद्यात घातली. त्या वाळवंटी मुलखात नव्या सरकारलाही धान्य आणि वैरण याच पाटांवरून मिळणार होती. जमिनीचं उलटं झालं. हे युद्ध संपवणाऱ्या फेब्रुवारी 1848च्या ग्वादालुपे इदाल्गो तहात सनदांना संरक्षण देणारं दहावं कलम होतं. अमेरिकी सिनेटने ते गाळलं. पुढे दावे चालले ते इंग्रजीत, वकिलांच्या फीवर, आणि ती फी बऱ्याचदा जमिनीतच चुकवली गेली. 1889-90 मध्ये सान मिगेल परगण्यात पांढऱ्या टोप्या घातलेले लोक रात्री गायरानाला पडलेली तारकुंपणं तोडत हिंडले.

सान मिगेलचा दावा खालच्या न्यायालयात टिकला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. वाटलेल्या पट्ट्या लोकांच्या, पण न वाटलेलं रान स्पेनच्या कायद्याने राजाचंच होतं, ते मेक्सिकोकडे आणि तिथून अमेरिकेकडे आलं, असा निकाल. 1794च्या कागदावर पहिलीच अट "जमीन सामाईक राहील" अशी होती. न्यायालयाने मात्र धरली ती 1803ची वाटणी.