पिकअपचा क्रॉस जातो म्हणजे नेमकं काय होतं

माल भरलेली पिकअप पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की गाडीच्या पोटाखालून ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. रिव्हर्स टाकला की पुन्हा येतो. रिकाम्या गाडीत तो इतका बारीक असतो की इंजिनाच्या आवाजात हरवून जातो. चालवणारा काही दिवस तो ऐकतो, मग कानाला सवय होते. नारायणगावहून टोमॅटो किंवा लासलगावहून कांदा घेऊन रात्री निघणाऱ्याला माल वेळेत पोचवायचा असतो, एका ‘टक्’साठी गाडी कोण थांबवणार? पण हा आवाज थांबून ऐकण्यासारखा असतो. बहुतेक वेळा तो प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा असतो, आणि गाडीच्या एकूण खर्चात क्रॉसची किंमत अगदी किरकोळ असते.

पिकअपचं इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे चासीवर बसवलेले असतात. मागचा एक्सल पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, टांगलेला असल्यामुळे प्रत्येक खड्ड्यात तो वर-खाली होतो. या दोघांना जोडणारी पोलादी पोकळ नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. एक टोक जागेवर आणि दुसरं सतत हलतं, म्हणून नळीच्या टोकांना वाकूनही फिरवणारा सांधा लागतो. क्रॉस हा त्या सांध्याचा गाभा. अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा, त्याच्या चार दांड्या, प्रत्येक दांडीवर एक कप आणि कपाच्या आतल्या भिंतीला लागून उभ्या केलेल्या बारीक सुयांची रांग. समोरासमोरचे दोन कप एका योकच्या, म्हणजे दोन कानांच्या पोलादी चिमट्याच्या, कानांत बसतात, उरलेले दोन दुसऱ्या योकच्या. लांब गाड्यांमध्ये शाफ्ट दोन तुकड्यांत असतो, तिथे मध्ये सेंटर बेअरिंग आणि आणखी एक क्रॉस येतो.

ही कल्पना मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे. सोळाव्या शतकातले इटालियन गणिती जिरोलामो कार्दानो यांच्या नावावरून युरोपात आजही या शाफ्टला कार्डन शाफ्ट म्हणतात. स्प्रिंगच्या नियमामुळे शाळेत भेटणारे रॉबर्ट हूक यांनी सूर्याच्या निरीक्षणाच्या उपकरणांवरची पुस्तिका १६७६ मध्ये छापली, त्यात हा सांधा आहे. सुरुवातीच्या अनेक मोटारी मात्र साखळीवर चालत. अमेरिकेत क्लॅरन्स स्पायसर यांनी १९०४ मध्ये मोटारींसाठी असे सांधे बनवून विकायला सुरुवात केली आणि धूळ-चिखल खाणारी ती साखळी हळूहळू मागे पडली.

या सांध्यात एक खोड आहे. सांधा वाकलेला असेल तर एका बाजूचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरला तरी दुसऱ्या बाजूचा तसा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. १० अंशांच्या कोनात मिनिटाला ३००० फेरे आत गेले, तर बाहेरचा वेग साधारण २९५४ आणि ३०४६ यांच्यामध्ये झुलत राहतो. ३० अंशांत हीच तफावत २६०० ते ३४६० पर्यंत पोचते. इलाज असा की शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तसाच सांधा द्यायचा, दोन्हीकडचे कोन सारखे ठेवायचे आणि नळीवरचे दोन्ही योक एकाच पातळीत ठेवायचे. मग पहिल्या सांध्याने केलेली गडबड दुसरा सांधा पुसून टाकतो. शाफ्ट उघडून जोडताना ही पातळी चुकली, तर नवा कोरा क्रॉस बसवूनही गाडी थरथरते.

आता त्या सुयांकडे वळू, कारण क्रॉसचं सगळं दुखणं तिथेच आहे. चाकाच्या बेअरिंगमधले रोलर गोल गोल फिरत राहतात, त्यामुळे झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. क्रॉसच्या कपातल्या सुया फिरत नाहीत, नुसत्या डुलतात. सांध्याचा कोन ५ अंश असेल तर दांडी कपात ५ अंश इकडे आणि ५ अंश तिकडे होते. दांडी १५ मिलिमीटर जाडीची धरली तर सुई एक मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. तेवढ्याशा जागेत ती आयुष्यभर मागे-पुढे करते, आणि तेही प्रचंड दाबाखाली. समजा इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २०० न्यूटन-मीटर आहे आणि पहिल्या गिअरचं प्रमाण ४ आहे. शाफ्टवर ८०० न्यूटन-मीटर आले. समोरासमोरच्या कपांमध्ये ७० मिलिमीटर अंतर धरलं तर एकेका कपावर ११,००० न्यूटनांहून जास्त जोर पडतो, म्हणजे टनभर वजनापेक्षा अधिक. घाटात भरल्या गाडीने क्लच झटक्यात सोडला की क्षणभर हा जोर आणखी वाढतो.

इतका दाब एकाच जागी येत राहिल्यावर सुया दांडीच्या पृष्ठभागात रुततात. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी मुसळ पडून उखळात खळगा व्हावा, तसे दांडीवर सुईच्या जाडीचे बारीक चर उठतात. झिजलेला क्रॉस हातात घेऊन दांडी पुसली की हे चर उघड्या डोळ्यांनी दिसतात, नखालाही लागतात. या चरांनीच सुयांमध्ये मोकळी जागा तयार होते, आणि जोराची दिशा बदलली की दांडी त्या मोकळ्या जागेत आपटते. तोच तो ‘टक्’.

यातून निघणारी एक गोष्ट ऐकणाऱ्याला पटकन पटत नाही: शाफ्ट अगदी सरळ रेषेत असणं क्रॉसला घातक असतं. कोन शून्य झाला तर सुया डुलायच्याही थांबतात, त्यांच्याखालचं ग्रीस दाबाने बाजूला सरकतं आणि परत येत नाही. पोलाद पोलादावर कोरडं घासतं. म्हणून बनवणारे मुद्दामच थोडा कोन ठेवतात, निदान अर्धा-एक अंश तरी.

ग्रीस संपलं किंवा सीलमधून पाणी आत गेलं की घासून निघालेली लोखंडाची भुकटी गंजते आणि कपाच्या कडेने बाहेर येते. गाडी धुण्याचा जोरदार फवारा थेट क्रॉसवर मारणं म्हणूनच टाळावं. कपाभोवती तांबूस, कोरडी भुकटी दिसली तर तो क्रॉस बदलायलाच हवा, नवं ग्रीस मारून उठलेले चर भरत नाहीत. आवाजाचाही क्रम साधारण ठरलेला असतो. आधी हळू वेगात ‘चिक-चिक’, जी गाडीच्या वेगाबरोबर वाढते आणि उभ्या गाडीत इंजिन कितीही रेस केलं तरी येत नाही. मग तो ‘टक्’, आणि त्यानंतर सीटखाली जाणवणारी थरथर. ही थरथर चाकाची की शाफ्टची, हे थोड्या हिशेबाने ओळखता येतं. चाकाचा घेर २.२ मीटर असेल तर ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साडेसात फेरे घेतं. एक्सलचं प्रमाण ४ असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार, तर शाफ्ट तीस फेरे घेतो. सावकाश, जाडसर हेलकावा चाकाचा असतो, गुणगुणल्यासारखी बारीक थरथर शाफ्टची.

आळेफाट्याच्या एका गॅरेजमध्ये मिस्त्रींनी हे तपासताना जे केलं ते सांगण्यासारखं आहे. गाडी सपाट जागेवर, चाकांना पुढून-मागून ओट, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून ठोकळे, लावलेले, गिअर न्यूट्रलमध्ये. ड्रायव्हरने खाली वाकून शाफ्ट हाताने फिरवून पाहिला आणि म्हणाला, “मिस्त्री, केवढा प्ले आहे हो, केवढी ढिलाई!” मिस्त्री म्हणाले, “दादा, अख्खा शाफ्ट फिरला ना, तो मागच्या एक्सलच्या हाउसिंगमधल्या दातांचा प्ले. तो थोडा असणारच. आता हे बघा.” त्यांनी एका हाताने फ्लँजकडचा, म्हणजे शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात त्या चकतीकडचा, योक धरला, दुसऱ्याने शाफ्टकडचा, आणि दोन्ही उलट दिशांना पिळले. दोन योकांच्या मध्ये केसभर हालचाल झाली, आणि तीच खरी खूण होती. चांगल्या क्रॉसमध्ये ती मुळीच नसते. मग शाफ्ट काढून त्यांनी क्रॉस बोटांनी डुलवून दाखवला. मधोमध आला की तो अडखळायचा, जणू तिथे त्याचं घर झालं होतं. सुया आपल्याच चरांत बसत होत्या.

बदलण्याच्या कामातली पहिली पायरी पान्याची नसून पांढऱ्या रंगाची आहे. उघडण्याआधी फ्लँजवर, शाफ्टवर आणि स्लिप जॉइंटच्या, म्हणजे शाफ्टच्या आत-बाहेर सरकणाऱ्या जोडाच्या, दोन्ही भागांवर रंगाच्या रेघा मारून ठेवायच्या, म्हणजे योकची पातळी आणि शाफ्टचं बॅलन्सिंग दोन्ही टिकतं. नळीवर वेल्ड केलेली लहान वजनं त्यासाठीच असतात, ती उडवायची नाहीत. गाडी उचलली असेल तर ती स्टँडवर हवी, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. शाफ्ट सुटला की गाडी गिअर टाकूनही थांबत नाही, म्हणून ओट काम संपेपर्यंत जागचे हलवू नयेत.

सरक्लिप, म्हणजे कप जागेवर धरणारी कडी, काढल्यावर कप दाबून बाहेर काढायचे असतात, व्हाइसमध्ये (शिकंज्यात) एका बाजूला लहान सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला मोठं सॉकेट धरून. आपल्याकडे सर्रास घण वापरला जातो. जुना कप घणाने निघतोही, पण योकचा कान किंचित वाकला तर त्याचं छिद्र समोरच्या छिद्राच्या रेषेत राहत नाही आणि नवा क्रॉस पहिल्या दिवसापासून तिरका चालतो. नवे कप बसवताना सुया ग्रीसच्या चिकटपणावर उभ्या असतात. एखादी आडवी पडून तळाशी गेली तर कप पूर्ण आत जात नाही आणि सरक्लिपची खाच दिसत नाही. अशा वेळी ठोकून जबरदस्ती केली तर सुई तुटते, कप फुटतो. कप बाहेर काढून सुया पुन्हा उभ्या करायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

दोन्ही सरक्लिप बसल्यावर क्रॉस हाताने सगळीकडे सारखा वळायला हवा. घट्ट वाटला तर योकच्या कानावर बाहेरून हलका टोला दिला की कप सरक्लिपला टेकून मोकळा होतो. ग्रीस भरायचं निप्पल असलेल्या क्रॉसमध्ये लिथियमचं २ नंबर ग्रीस चारही सीलमधून नवं दिसेपर्यंत भरायचं. तीनमधूनच आलं तर चौथा कप कोरडा आहे, आणि पुढे आवाज तिथूनच सुरू होणार. फ्लँजचे बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळायचे. ते सैल पडून शाफ्टचं पुढचं टोक धावत्या गाडीत खाली आलं, तर ते रस्त्यात रुतू शकतं, आणि मोकळं फिरणारं टोक जवळचे ब्रेकचे पाइपही तोडू शकतं.

क्रॉस बदलूनही तो पुन्हा लवकर जात असेल तर दोष क्रॉसचा नसतो. जास्त माल बसावा म्हणून मागे एक-दोन पाटे वाढवून घेतलेल्या पिकअप आपल्याकडे खूप आहेत. पाटा वाढला की एक्सलची बैठक बदलते आणि शाफ्टच्या दोन टोकांचे कोन सारखे राहत नाहीत. पहिल्या सांध्याने केलेली गडबड दुसरा पुसू शकत नाही आणि शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोन झटके दोन्ही क्रॉसना सोसावे लागतात. अशा गाडीत तिसरा क्रॉस घेण्याआधी गाडी रिकामी आणि भरलेली अशी दोनदा उभी करून दोन्ही टोकांचे कोन मोजायला सांगा. मोबाइलमधलं कोन मोजणारं अ‍ॅप गिअरबॉक्सच्या फ्लँजला, शाफ्टला आणि मागच्या फ्लँजला टेकवलं तरी फरक कळतो, आणि पाट्याखाली पाचर द्यायची की वाढवलेला पाटा काढायचा, हे त्या आकड्यांवरून ठरवता येतं.