एकत्र येऊन धंदा करायचाय? नोंदणीआधी एवढं वाचा

बचत गट, सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी काढायची म्हणून आमच्या नाशिकच्या कार्यालयात येणाऱ्या मंडळींसाठी हे पत्रक आहे. आम्ही नोंदणीची कागदपत्रं, हिशोबलेखन आणि लेखापरीक्षणाची तयारी ही कामं करतो. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "अनुदान किती मिळेल?" आम्ही उलट विचारतो, "तुमचे स्वतःचे किती जमलेत, आणि माल कोण कोण घालणार?" या दोन प्रश्नांची उत्तरं तयार असतील तर पुढचं काम सोपं आहे. नसतील तर नोंदणी होऊनही संस्था कागदावरच राहते.

बचत गट: सगळं वहीवर

10 ते 20 सभासदांच्या गटाला नोंदणी लागत नाही. ठराव करून बँकेत गटाच्या नावाने बचत खातं उघडलं की काम सुरू. नाबार्डने 1992 मध्ये बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग 500 गटांपासून केला, आणि आज गावोगाव दिसणारी पद्धत तिथूनच आली. शाखाधिकारी गटाकडे पंचसूत्रीच्या नजरेने बघतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोबाची नोंद. या पाचही गोष्टी त्याला एकाच ठिकाणी दिसतात, तुमच्या वहीत. बैठकीला हजर नसलेल्या ताईंची सही नंतर घरी जाऊन घेतलेली असेल तर ती पान उलटताच कळते. शाई एकच, हात एकच.

ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या, म्हणजे आपल्याकडच्या 'उमेद'च्या गटांना 20 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागायचं नाही, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. कुणी दागिने किंवा घराचा उतारा मागितला तर आधी आमच्याशी बोला.

अंतर्गत कर्जाला बहुतेक गट महिना शेकडा दोन रुपये व्याज लावतात. वर्षाला ते 24 टक्के होतं. "व्याज आपल्यातच राहतं ना" असं म्हणतात, आणि ते खरंही आहे, पण सगळ्यांनी आळीपाळीने कर्ज घेतलं तरच. वर्षभर त्याच तिघी कर्ज घेत असतील तर बाकीच्या जणी त्यांच्या सावकार झाल्या, एवढाच त्याचा अर्थ. आणि गटाच्या नावावर एकीच्याच घरातल्या पिठाच्या गिरणीसाठी कर्ज काढायचं असेल तर ते बैठकीत सांगून, ठरावात लिहून काढा. हप्ता थकला की बँक त्या एका घराकडे जात नाही, सगळ्या गटाचं खातं थकीत धरते.

सहकारी संस्था की उत्पादक कंपनी?

सहकारी संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 खाली नोंदते. किमान 10 सभासद लागतात आणि ते वेगवेगळ्या कुटुंबांतले हवेत. बाप, दोन मुलं, सून आणि जावई मिळून संस्था होत नाही. कुणाचे कितीही शेअर असोत, मत एकच. एका सभासदाकडे एकूण भागभांडवलाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त शेअर राहू शकत नाहीत. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. सहकार खात्याची देखरेख असते. काहींना ती जाच वाटते, पण सभासदांत भांडण लागलं की दाद मागायला तेच दार जवळचं पडतं.

उत्पादक कंपनीची तरतूद कंपनी कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आली. इथेही किमान 10 उत्पादक लागतात आणि वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत एकाला एकच मत असतं. संचालक 5 ते 15 असतात आणि पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो. सभासद फक्त प्रत्यक्ष उत्पादन करणारेच होऊ शकतात. व्यापारी मित्राला 'आपलाच माणूस' म्हणून आत घेता येत नाही. वार्षिक विवरणपत्रं उशिरा भरली तर प्रत्येक फॉर्मला रोज 100 रुपये जादा शुल्क लागतं. बेमोसमी पावसाने द्राक्षाचा हंगाम गेला, कंपनीत एक रुपयाचा व्यवहार झाला नाही, तरी हे मीटर चालूच. उत्साहात कंपनी काढून दोन वर्षांनी आमच्याकडे येणाऱ्यांचं मुख्य दुखणं हेच असतं.

आमचं मत विचाराल तर पाणी, पतपुरवठा, खतं-औषधं असं काम गावापुरतं असेल तर सहकारी संस्था बरी. माल जिल्ह्याबाहेर जाणार, करार होणार, परदेशी ग्राहक येणार, तर कंपनी.

दोन्हींची उदाहरणं हाकेच्या अंतरावर आहेत. वाघाड धरणाच्या पाण्यावर ओझर परिसरातल्या शेतकऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पाणीवापर सहकारी संस्था काढल्या. त्यामागे समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये यांची खटपट होती. संस्थेने पाणी मोजून घ्यायचं, सभासदांना वाटायचं आणि पाणीपट्टी स्वतः गोळा करायची, असा तो व्यवहार. दुसरं उदाहरण दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचं. द्राक्ष निर्यातीपासून सुरू झालेली ही शेतकऱ्यांची कंपनी आज फळं-भाजीपाल्याच्या प्रक्रियेतही मोठी आहे. तिच्याबद्दल आणखी पुढे.

नफा कुणाला किती?

भांडणं इथेच होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

समजा, चांदवडकडच्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून कांदाचाळी बांधल्या. भागभांडवल 5 लाख रुपये. एका सभासदाचे शेअर 50,000 रुपयांचे, पण त्याने वर्षभरात एक गोणीही आणली नाही. दुसऱ्याचे शेअर 2,000 रुपयांचे आणि त्याने 200 क्विंटल कांदा घातला. एकूण आवक 2,000 क्विंटल, निव्वळ नफा 4 लाख.

कायद्याने नफ्याचा किमान चौथा हिस्सा, म्हणजे 1 लाख, राखीव निधीत जातो. शेअरवर लाभांश जास्तीत जास्त 15 टक्के देता येतो, म्हणजे 75,000. पोटनियमांत तरतूद असेल तर उरलेल्यातले 2 लाख मालाच्या प्रमाणात वाटता येतात, क्विंटलमागे 100 रुपये. 25,000 शिक्षण व इतर निधीला. आता हिशोब करा: 50,000 गुंतवणाऱ्याला 7,500 रुपये मिळाले आणि 2,000 गुंतवणाऱ्याला 300 अधिक 20,000, म्हणजे 20,300.

पहिल्या सभासदाला हा अन्याय वाटेल. त्याला फक्त पैशावर परतावा हवा असेल तर ही जागा त्याची नाही, हे त्याला शेअर घेण्याआधी सांगा, नंतर सभेत नको. उत्पादक कंपनीतही शेअरवरचा परतावा मर्यादित असतो आणि मालाच्या प्रमाणात बोनस देता येतो.

बाहेरचा पैसा

अनुदान, बँकेचं कर्ज आणि सामाजिक गुंतवणूक हे तीन वेगळे पैसे आहेत. अनुदान परत द्यायचं नसतं, पण ते बहुधा खर्च केल्यावर आणि तुमच्या हिश्श्याच्या प्रमाणात येतं. केंद्राच्या 2020 च्या शेतकरी उत्पादक संघटना योजनेतही भागभांडवलाची मदत सभासदांनी भरलेल्या रकमेच्या जोडीला ठेवली आहे, सभासदामागे 2,000 रुपयांपर्यंत आणि एका संघटनेला 15 लाखांपर्यंत. आत शून्य तर बाहेरूनही शून्य.

सामाजिक गुंतवणूकदाराला मुद्दल आणि परतावा दोन्ही हवे असतात. शिवाय किती लहान शेतकऱ्यांना फायदा झाला, याचा हिशोबही तो मागतो. 2022 मध्ये सह्याद्रीत युरोपातल्या अशा गुंतवणूकदारांनी 310 कोटी रुपये घातले. ते घातले मूळ उत्पादक कंपनीत नव्हे, तर काढणीपश्चात काम करणाऱ्या तिच्या उपकंपनीत, कारण शेतकरी नसलेल्याला उत्पादक कंपनीचा शेअर घेता येत नाही. "आम्हालाही असा गुंतवणूकदार आणून द्या," अशी मागणी हल्ली आमच्याकडे येते. त्यासाठी अनेक वर्षांची स्वच्छ ताळेबंदं लागतात. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

पतसंस्थेत संस्थेचे पैसे ठेवताना

पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. सहकारी बँकेतल्या ठेवींना व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा लागू नाही. व्याज एक-दीड टक्का जास्त मिळतं म्हणून गटाची सगळी गंगाजळी तिथे नेऊ नका. ठेवायचेच असतील तर आधी त्या संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल आणि थकबाकी बघा. सभासदाला तो मागण्याचा हक्क आहे.

आमच्याकडे येताना

एकट्या अध्यक्षांनी येऊ नये, निदान तिघं तरी या. सभासदांची यादी, प्रत्येकाचं आधार आणि पॅन, सातबारा (कंपनीसाठी) आणि आत्तापर्यंत वर्गणी घेतली असेल तर तिच्या पावत्या आणा. पावत्या नसतील तर साध्या वहीत लिहिलेलंही चालेल, पण सह्या हव्यात. बुधवारी दुपारनंतर फक्त बचत गटांच्या वह्या तपासतो, कारण बाजाराला आलेल्या ताईंना तो दिवस सोयीचा पडतो.

फी पहिल्याच भेटीत लेखी सांगतो. अनुदानाच्या टक्केवारीवर आम्ही काम घेत नाही. तशी ऑफर दुसऱ्या कुणी दिली तर तो नोंदणीनंतर किती दिवस फोन उचलणार, हे त्याच्याकडूनही लिहून घ्या.